बिब्बा नेमका घातला कुठे?

शनिवारी सकाळी नगरच्या बाजारात दुकानांच्या दारांवर लिंबू-मिरचीची नवी माळ चढते. तिच्यात एक काळं, चपटं, हृदयाच्या आकाराचं फळ ओवलेलं असतं. हा बिब्बा. ‘चांगल्या चाललेल्या कामात बिब्बा घातला’ म्हणतो, तोही हाच. दाराची राखण करणारं फळ काम नासवणारं कसं झालं?

याची दोन उत्तरं मिळतात. पहिलं डागाचं. बिब्ब्याचं तेल चुन्यात कालवून परीट कपड्यांवर खुणा करत आणि त्या धुऊन जात नसत. पण ती खूण हवीशीच होती, तिनं काम सोपं व्हायचं. दुसरं उत्तर करणीचं. पण माळेतला बिब्बा नजर लावत नाही, काढतो.

माझ्या मते हा वाक्प्रचार कातडीवर जन्मला. ‘बिब्बा उतला’ म्हणतात, त्यातलं क्रियापद दुधाचं आहे. दूध बराच वेळ शांत असतं आणि एकदम वर येतं. बिब्ब्याचं तेल लागतं तेव्हा बहुधा काहीच जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, पाण्यानं भरलेले फोड. तोवर घालणारा केव्हाच निघून गेलेला असतो! दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांनाही असे चट्टे उठले, तेही नेमके परटाच्या खुणेखाली.

बिब्ब्याच्या नावाचीही गंमत आहे. युरोपातले औषधवाले बिब्ब्यालाच ‘अनाकार्डियम’ म्हणत. त्यात हृदयाचा ग्रीक शब्द आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये ते नाव अमेरिकेतल्या काजूला दिलं. बिब्बा पुढे ‘सेमेकार्पस’, म्हणजे खुणेचं फळ, झाला. दोघं आंब्याच्याच कुळातले, आणि काजूच्या टरफलाचं तेलही असंच उततं.

आज उशिरा उतण्याची हीच चाल जेल नेलपॉलिशमधल्या अ‍ॅक्रिलेट रसायनांची. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली त्यांना ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ ठरवलं. पहिल्या खेपांना नखं छान दिसतात. शरीरानं एकदा वैर धरलं, की पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांनी बोटं लाल होऊन सुजतात. नखांवरचा हा आधुनिक बिब्बाच.

म्हणून फुटका बिब्बा उघड्या हातानं धरू नका. आणि अंगावर पुरळ उठलं, तर आज काय खाल्लं हे शोधण्याआधी परवा हाताला काय लागलं होतं, ते आठवा.