पायरीपाशी थांबलेले स्वातंत्र्य

स्वातंत्र्यरक्षणाचा विषय निघाला की सीमेवरचे पहारे आठवतात. आम्हांस मात्र पंढरपूर आठवते. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, चोखोबांची समाधी आहे. त्यांच्या जातीला राउळाचे दार शतकानुशतके बंद होते. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तेथे उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी सुटले आणि मंदिर हरिजनांना खुले झाले. परकी सत्ता जाण्यास तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते. अशा वेळी या भाविक माणसाने स्वकीयांनाच जाब विचारला, तोही विठ्ठलाला साक्षी ठेवून. १९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या कलमाची राखण केवळ न्यायालयावर सोपवून आम्हां भाविकांना मोकळे होता येईल काय?