निगडी : गावाचे नाव, कुंपणाचे झाड

आपल्या गावाचे नाव आणि निर्गुडीचे एक जुने मराठी नाव एकच आहे : निगडी. गुरे हिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून शेतकरी बांधावर हिचे कुंपण करीत. कीड लागू नये म्हणून हिचा पाला धान्यात घालीत. दुखऱ्या सांध्यास शेकीत. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. शेतांच्या जागी सेक्टर वसले. बांध गेले, त्यांबरोबर कुंपणेही गेली. पूर्वजांनी सह्याद्रीत देवाच्या नावाने देवराया राखल्या. तोच रिवाज स्मरून, जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी देवळाच्या आवारात निगडी लावावी, ही ग्रामस्थ व देणगीदारांस नम्र विनंती. पावसाच्या आरंभी वीतभर फांदी मातीत खोवली तरी ती मूळ धरते.