उवांचा दुसरा हप्ता

कोपरच्या आमच्या चाळीत उवांवर एकच औषध, ढेकणांची पावडर! मावशीनं ती एकदा ताईच्या डोक्यात चोळून वर फडकं बांधलं. ताई रात्रभर ओकत होती. आठ दिवसांत उवा परत हजर.

मावशीला तरी काय बोलणार? 1943-44 च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये अंगावरच्या उवांनी टायफस पसरवला, तेव्हा लोकांच्या कपड्यांत डीडीटी फुंकूनच साथ आटोक्यात आणली होती. डीडीटी किडे मारते हे दाखवणाऱ्या पॉल म्युलरना 1948 चं नोबेलही मिळालं. पुढे उवा-खरजेसाठी गॅमेक्सेनचा शुद्ध अवतार, लिंडेन, आला. त्यानं मुलांना झटके येऊ शकतात म्हटल्यावर डॉक्टरमंडळी जपून वागू लागली, आणि 2009 मध्ये तो स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला.

परवा माझ्या लेकीला डॉक्टरांनी परमेथ्रिन दिलं. मी पडलो बँकेतला कारकून. चिठ्ठी कर्जाच्या करारासारखी वाचली. उवांना 1 टक्का, धुतलेल्या केसांना दहा मिनिटं. (खरजेचं 5 टक्क्यांचं मलम वेगळं : मानेखाली, रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकदम.) लिखा पहिल्या फेरीत वाचतात, म्हणून नवव्या दिवशी दुसरा हप्ता.

ताई दारातूनच म्हणाली, "ते ठीक. पण तो डबा टाकलास ना रे?"

माळ्यावर होता.