रोह्याचा सांधा आणि युनिक्स

१९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, तो मध्य रेल्वेच्या रोह्यापासून पुढे. रेल्वे दोन; तरी पेणला गाडीत बसलेल्या उतारूला रोह्यास डबा बदलावा लागला नाही. रुळांमधील अंतर एक, डबे जोडण्याची रीत एक. डब्यात आंबे आहेत की माणसे, याच्याशी जोडणीला कर्तव्य नाही.

संगणकाच्या जगाला ही गोष्ट उमगायला वेळ लागला. अमेरिकेतील बेल लॅब्ज ही संस्था इतरांसह 'मल्टिक्स' नावाची प्रचंड प्रणाली उभारीत होती. सर्व गरजा तिनेच भागवायच्या! काम लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेलने अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन थॉम्पसन यांनी फारसे वापरात नसलेल्या एका लहान यंत्रावर युनिक्सचा पाया घातला. डेनिस रिची हे त्यांचे साथीदार.

त्यांचे सहकारी डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहिले होते की, बागेच्या नळीला दुसरी नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती सोय एका रात्रीत करून दिली. तिचे नाव 'पाइप'. एकाचे उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती. प्रत्येक प्रोग्रामने एकच काम करावे, पण चोख करावे, हा नियम १९७८ मध्ये छापून आला.

१९८६ चा प्रसंग पाहा. मजकुरात कोणते शब्द सर्वांत जास्त वेळा येतात, हे शोधण्यासाठी डोनाल्ड नूथ यांनी अनेक पानांचा प्रोग्राम लिहिला. मॅकिलरॉय यांनी सहा आज्ञा ओळीने जोडल्या: शब्द सुटे करा, अक्षरे एकसारखी करा, क्रम लावा, सारखे मोजा, संख्येप्रमाणे लावा, वरचे तेवढे ठेवा. नूथ यांचा हेतू प्रोग्राम वाचनीय कसा लिहावा हे दाखविण्याचा होता, म्हणून त्यांना हसू नये. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेले लिनक्सही युनिक्सच्याच वळणाचे.

एका शाळेत प्रवेश, फी आणि निकाल ह्यांचा एकच प्रोग्राम होता. श्रेणीची पद्धत बदलली, करणारा गृहस्थ परगावी गेलेला. आम्ही शिक्षकांनी तीन रात्री निकालपत्रके हाताने लिहिली. पुढे तिन्ही कामे वेगळी केली. सामाईक ठेवला तो फक्त जनरल रजिस्टरचा क्रमांक. नंतर फीचा प्रोग्राम पुरता बदलला, तेव्हा निकालाच्या फाइलीला कोणी हातही लावला नाही.