अनिता दाते-केळकर

अनिता दाते-केळकर या मराठी दूरचित्रवाणी, चित्रपट व रंगभूमीवरील अभिनेत्री आहेत. झी मराठी वाहिनीवरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतील राधिका सुभेदार या भूमिकेमुळे त्या घरोघरी परिचित झाल्या. त्या मूळच्या नाशिकच्या असून या भूमिकेसाठी त्यांनी वैदर्भीय बोली आत्मसात केली.

शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

दाते यांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण घेतले. ‘अग्निहोत्र’ या मालिकेत त्यांनी काम केले. सचिन कुंडलकर दिग्दर्शित ‘अय्या’ (२०१२) या हिंदी चित्रपटात त्यांनी राणी मुखर्जी यांच्यासह मैना ही विक्षिप्त मैत्रिणीची भूमिका केली. अभिनेते व दिग्दर्शक चिन्मय केळकर हे त्यांचे पती होत.

राधिका सुभेदार

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २२ ऑगस्ट २०१६ ते ७ मार्च २०२१ या काळात प्रसारित झाली. अभिजीत खांडकेकर यांनी गुरुनाथ, तर रसिका सुनील व काही काळ ईशा केसकर यांनी शनाया ही भूमिका केली. विदर्भातून मुंबईत आलेल्या राधिकेचे साधे राहणे व बोलणे नवऱ्याला कमीपणाचे वाटते. त्याचे विवाहबाह्य संबंध उघड झाल्यावर ती मसाल्यांचा व्यवसाय उभारून उद्योजिका बनते.

बोलीचे महत्त्व

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे म्हणजे वऱ्हाड होय. येथील वऱ्हाडी बोलीत ‘मला’, ‘तुला’ याऐवजी ‘मले’, ‘तुले’ अशी रूपे येतात, ‘का’ या अर्थी ‘काहून’ म्हटले जाते आणि अनेक ठिकाणी ‘ळ’चा उच्चार ‘य’ असा होतो. पूर्वेकडील नागपुरी बोली तिच्या जवळची असली, तरी तिच्यावर हिंदीचा प्रभाव अधिक आहे. महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे लिहिले गेले, यावरून या प्रदेशाचे मराठी गद्याशी असलेले जुने नाते दिसून येते.

असे असूनही मराठी मालिकांतील नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठी बोलतात. बोली प्रायः विनोदी किंवा दुय्यम पात्रांच्या वाट्याला येते. ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमातून अमरावतीकडील अभिनेते भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी लोकप्रिय केली, तीही विनोदाच्या अंगाने. राधिकेच्या रूपाने मात्र वैदर्भीय बोली दीर्घकाळ चाललेल्या कौटुंबिक मालिकेच्या नायिकेच्या तोंडी आली. दुःख, संताप व स्वाभिमान तिने याच बोलीत व्यक्त केला.

नंतरची कारकीर्द

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात दाते यांनी नायक विनायकच्या पत्नीची भूमिका केली. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये त्या गायक वसंतराव देशपांडे यांच्या आईच्या भूमिकेत दिसल्या. वसंतरावांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा असल्याने या भूमिकेद्वारे त्यांचा वऱ्हाडाशी पुन्हा संबंध आला. त्यानंतर त्यांनी ‘नवा गडी नवं राज्य’ (२०२२) व ‘इंद्रायणी’ (२०२४) या मालिकांत काम केले.