‘हजारे आता संपले!’

बडोदे सोडून मला तीस वर्षे झाली. सीमाभागातल्या शाळेत नोकरी मिळाली, इथेच संसार मांडला. लहानपणी घरात मराठी आणि बाजारात गुजराती असे होते. आता घरात मराठी आणि बाजारात कानडी. दोन भाषांत वावरणाऱ्या माणसाला दोन्हीकडचे वाद ऐकू येतात, हा त्यातला फायदा. आज लिहायचे आहे ते अशाच एका वादाविषयी. तो माझ्या जन्माच्या आधीचा. पण वडिलांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, तोंडून इतक्या वेळा ऐकला की मी तिथे हजर होतो असे वाटावे.

साल १९५३. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली गेलेला भारतीय संघ वेस्ट इंडीजमध्ये पाच कसोटींची मालिका १-० ने हरला. तिकडची खबर वर्तमानपत्रातूनच कळायची, तीही शिळी. दांडिया बाजारात आमच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचला जाई आणि वाद पेटे. शेजारचे गुजराती कापडवाले म्हणत, “हवे घरडा थई गया.” आता म्हातारे झाले. आजोबा म्हणत, “कर्णधारपदाने माणूस खाल्ला.” आणि सोळा वर्षांच्या अण्णांनी, सगळे शहाणपण आपल्याकडे असल्याच्या थाटात, निकाल दिला, “हजारे आता संपले!” आजोबा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत, असे अण्णा सांगत.

आजोबांना इतके का लागावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हजारे मूळ बडोद्याचे नव्हेत. जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा. घर मराठी ख्रिस्ती. जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याला शिकवायला आणले होते, तेव्हा हजाऱ्यांची बॅट दोन पायांच्या मध्ये टेकवून उभे राहण्याची विचित्र पद्धत त्याने बदलू दिली नाही. १९३९-४० च्या मोसमात पुण्याला महाराष्ट्राकडून खेळताना याच हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा कुटल्या, आणि त्या कोणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध! पुढे ते बडोद्याचेच झाले, आणि गायकवाडांच्या शहराने त्यांना आपले मानले ते कायमचे.

मार्च १९४६ मध्ये इंदूरला रणजी करंडकाची अंतिम लढत होळकर आणि बडोदे यांच्यात झाली. होळकरांचे कर्णधार होते नागपूरचे सी. के. नायडू, वय पन्नास पूर्ण. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व केलेला हा माणूस केव्हाच उतरणीला लागला असे धरून चालणारे बडोद्यात पुष्कळ होते. नायडूंनी त्या सामन्यात २०० धावा काढल्या आणि करंडक होळकरांनी नेला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात मात्र नायडू नव्हते. वयाचा हिशेब एका वहीत आणि धावांचा दुसऱ्या वहीत मांडला गेला की असे होते.

पुढच्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, तेच दोन संघ बडोद्यात अंतिम फेरीत समोरासमोर आले. होळकर २०२ मध्ये आटोपले. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले, आणि मग हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा! गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याच्या ७८४ धावा झाल्या आणि विजय मिळाला एक डाव व ४०९ धावांनी. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठीची ही जगातली सर्वांत मोठी भागीदारी ठरली. तो विक्रम थेट २००६ साली कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांच्या ६२४ धावांनी मोडला. त्या मार्चमध्ये आजोबांनी कचेरीतून किती अर्ध्या रजा घेतल्या, हा आमच्या घरचा वेगळा विक्रम.

आता मूळ वादाकडे येतो. हजाऱ्यांच्या मोठ्या खेळी पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यात ‘द रेस्ट’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या, त्यात बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० ची भागीदारी, आणि तीत विवेक यांच्या धावा २१. तरी संघ डावाने हरला. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध ११६ आणि १४५. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. तरी तिथेही संघ डावाने हरला. ब्रॅडमनचा त्रिफळा त्यांनी त्या दौऱ्यात दोनदा उडवला, हेही हरलेल्या मालिकेतले. म्हणजे हा माणूस बहुतेक वेळा पडत्या घराचा खांब होता. घर पडले की लोक खांबाला नावे ठेवतात.

१९५१-५२ मध्ये कर्णधारपद आले. पहिल्याच दोन कसोटींत दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५. मग १० फेब्रुवारी १९५२ ला मद्रासला इंग्लंडवर डाव राखून विजय, भारताचा कसोटीतला पहिलावहिला. विनू मंकड यांचे बारा बळी त्यात मोलाचे. पण त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेला संघ ३-० ने हरला. लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद, असे दृश्य जगाने पाहिले. आजही लोकांना तेवढेच आठवते. त्या मालिकेत हजाऱ्यांच्या धावा होत्या ३३३, सरासरी ५५.५०, आणि संघात सर्वाधिक. लीड्सलाच त्यांनी ८९ आणि ५६ काढल्या. मग ‘हजारे उतरले’ हे १९५२ सालीच बोलायला लागलेल्यांनी नेमके काय मोजले? त्यांनी संघाचा पराभव मोजला आणि तो एका माणसाच्या नावे मांडला.

१९५३ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये धावा आटल्या, हे खरे आहे. वय अडतीस झाले होते. अबोल, भिडस्त स्वभावाला नेतृत्वाचा भार सोसला नाही, हे विजय मर्चंट यांचेही मत होते; आजोबा फार चुकत नव्हते. किंग्स्टनची कसोटी ही त्यांची तिसावी आणि अखेरची. एकूण धावा २१९२, शतके सात, सरासरी ४७.६५.

ओट्यावरच्या वादाचा खरा शेवट मार्च १९५८ मध्ये झाला. रणजीची अंतिम लढत पुन्हा बडोद्यात, समोर सर्व्हिसेस. कर्णधार दत्ताजीराव गायकवाड. त्रेचाळिशीला आलेल्या हजाऱ्यांनी २०३ धावा केल्या, बडोदे डावाने जिंकले. अण्णा तेव्हा कॉलेजात होते आणि मैदानावर होते. द्विशतक झाले तेव्हा आजोबांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. अण्णा म्हणत, “मला वाटले, आता बोलतील. पण त्यांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली.” हजारे त्यानंतरही, १९६६-६७ पर्यंत, प्रथम श्रेणीचे सामने खेळले. १९६० साली पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ ला बडोद्यातच ते गेले. आज देशातल्या एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकाला त्यांचे नाव आहे.

हे सारे मी शाळेत मुलांना अनेकदा सांगितले आहे. तरी सांगणारा शहाणा होतोच असे नाही. काही वर्षांपूर्वी आमचा दहावीचा गणिताचा निकाल सलग दोन वर्षे घसरला. ते वर्ग एका ज्येष्ठ शिक्षकांकडे होते. “सरांचे आता होत नाही,” असे पालक म्हणू लागले, शिक्षक-खोलीतही कुजबुज झाली, आणि मी त्यांच्याकडून दहावी काढून पाचवी दिली. ते “बरं, सर,” एवढेच म्हणाले. पुढे ते निवृत्त झाल्यावर एका कामासाठी जुने तक्ते काढले. त्या दोन्ही तुकड्या आठवीपासूनच कच्च्या होत्या, आणि दहावीत त्यांचे इतर विषयांतले गुण गणिताहून खाली होते. पडत्या घराचा खांब मीच काढून बाजूला ठेवला होता.

मी त्यांच्या घरी गेलो. कबूल केले. त्यांनी चहा केला आणि पाचवीच्या मुलांच्या गमती सांगत बसले. निघताना मला अण्णांची ती शेंगदाण्याची पुडी आठवली.

माणसे उतरणीला लागतात. हजारेही लागले, नायडूही लागले, माझीही निवृत्ती आता दोन वर्षांवर आली आहे. “आता संपले” असे म्हणण्याआधी पराभव कोणाचा होता तेवढे तक्ते काढून पाहावे, इतकेच मी या दिवाळीला ओट्यावरच्या तरुण मंडळींना सांगेन. पुढचा वाद त्यांनी खुशाल घालावा.