पायबंद, संरोध आणि सहाशे ओहम

'इम्पिडन्स', म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ साली घडवला. तारायंत्राच्या कचेरीत नोकरी केलेल्या या इंग्रज गणितज्ञाला नव्या संज्ञांची मोठी हौस. इंडक्टन्स, कंडक्टन्स, अ‍ॅडमिटन्स ही भावंडेही त्याचीच. इम्पिडन्ससाठी त्याने हात घातला तो लॅटिन 'इम्पेदिरे' या क्रियापदाला. त्यात 'पेस', षष्ठीत 'पेदिस', म्हणजे पाय दडला आहे. पायांत काही अडकवून चाल रोखणे हा मूळ अर्थ असावा. रोमन फौजेच्या सामानसुमानाला 'इम्पेदिमेन्ता' म्हणत; उलट, अडकलेला पाय मोकळा करणे ते 'एक्स्पेदिरे'. मोहिमेची 'एक्स्पिडिशन' याच मोकळ्या पायाची.

हा 'पेद' आपल्या 'पद', 'पाद' यांचा सख्खा भाऊ. फारसीत तोच 'पा' किंवा 'पाय' होतो. पायजम्यात आपण तो रोज घालतो. आणि इथे 'पायबंद' आठवल्यावाचून राहत नाही. घोड्याच्या पायांना बांधायची दोरी तो पायबंद. पुढे उधळपट्टीलाही पायबंद बसू लागला. शब्द फारसीतून आलेला दिसतो. पण गंमत अशी, की त्याचे दोन्ही तुकडे आपल्या घरातही आहेत. संस्कृत 'पाद' प्राकृतात 'पाअ' होऊन मराठीत 'पाय' झाला, आणि फारसी 'बंद' हा 'बंध्' धातूचा चुलतभाऊ. मराठी कानाला हा शब्द कधी परका वाटला नसावा, तो यामुळेच. इराणी आणि रोमन, दोघांनीही अडथळ्याची कल्पना पायापासूनच केली.

परिभाषाकारांनी मात्र पायबंद घेतला नाही. मराठीत 'संरोध' आला, हिंदीने 'प्रतिबाधा' पत्करली. मला संरोध अधिक नेमका वाटतो. साधा 'रोध' म्हणजे रेझिस्टन्स. त्यात कॉइल आणि कपॅसिटर यांची प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारी आडकाठी मिळवली की इम्पिडन्स होतो, आणि 'सम्' हा उपसर्ग ती बेरीज अचूक दाखवतो. रेझिस्टन्सच्या पोटात लॅटिन 'सिस्तेरे', म्हणजे आपला 'स्था', उभा आहे. रेझिस्टन्स ठामपणे उभा राहतो, इम्पिडन्स चालणाऱ्याच्या पायात येतो. सतत मागेपुढे करणाऱ्या प्रवाहासाठी हेविसाइडने चालण्याचा शब्द निवडला, ही निवड मला फार सुंदर वाटते. त्याच्या मनात हे होतेच असे मात्र नाही.

आता इम्पिडन्सच्या जोडीने नेहमी येणारा 'मॅचिंग' हा शब्द. जुन्या इंग्रजीत 'येमेक्का' म्हणजे जोडीदार, बरोबरीचा. टेलिफोनच्या खांबांवरून मैलोगणती धावणाऱ्या उघड्या तारांचा संरोध सुमारे ६०० ओहम भरे. दोन्ही टोकांना तेवढाच संरोध नसला तर लहर परत फिरे, आवाजाचा प्रतिध्वनी येई. म्हणून बरोबरीचा जोडीदार हवा. हीच ६०० ओहमची रीत रेडिओ केंद्रांत आणि मग ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आली. वास्तविक सर्वांत उंच श्राव्य स्वराची तारेतली लहरलांबीही काही किलोमीटर असते. स्टुडिओतल्या चार मीटर केबलला प्रतिध्वनीचे भय नाही. उलट, ६०० ओहमच्या उगमाला ६०० ओहमचाच भार जोडला तर निम्मे व्होल्टेज, म्हणजे ६ डेसिबल, वाटेतच जाते.

म्हणून आजच्या कन्व्हर्टरचे, म्हणजे ध्वनीचे डिजिटल आकड्यांत आणि उलट रूपांतर करणाऱ्या यंत्राचे, आउटपुट साधारण ५० ते १५० ओहमचे आणि पुढच्या यंत्राचे इनपुट १० हजार ओहम किंवा त्याहून वर. हे तर सरळसरळ विजोड! तरी स्टुडिओत यालाही अनेकदा 'इम्पिडन्स मॅचिंग'च म्हणतात. मराठी 'जुळणे' इथे अधिक समंजस ठरते. हा शब्द 'युगल'वरून आलेल्या 'जुळे'शी निगडित असावा, म्हणजे मुळात 'युज्', जोखडाचा धातू. 'जुगलबंदी'त हेच युगल फारसी 'बंद'शी पुन्हा भेटते. पण 'जुळवून घेणे' म्हणताना आपण समान होत नाही, दुसऱ्याला आपले ओझे होऊ देत नाही. १० हजार ओहमचे इनपुट नेमके तेच करते.

जुनी रीत मापांत मात्र टिकून आहे. ६०० ओहममध्ये १ मिलिवॉट शक्ती खर्च व्हायला ०.७७५ व्होल्ट लागतात. ६०० ओहम गेले, ०.७७५ व्होल्ट 'डीबीयू'च्या शून्यावर राहिले. त्यातल्या 'यू'चा उलगडा 'अनलोडेड', भाराविना, असा करतात.

भाराचेही नाते दूरवर जाते. संस्कृत 'भृ', इंग्रजी 'बेअर', फारसी 'बार'. किराणा दुकानातल्या बारदानातला 'बार' तोच. पुलटेक ईक्यूपी-१ए सारखा जुना ईक्वलायझर, म्हणजे स्वरांचा तोल बदलणारे यंत्र, हा भार गृहीत धरूनच बांधलेला असतो. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ६०० ओहम अपेक्षित. पुढे कन्व्हर्टरचे १० हजार ओहमचे इनपुट आले, तर पातळी थोडी चढते आणि वरच्या स्वरांचा तोल बदलू शकतो. मग जाणते लोक तारेच्या शेवटी ६०० ओहमचा रेझिस्टर आडवा लावतात. त्याला म्हणतात 'टर्मिनेशन', लॅटिन 'तेर्मिनुस' म्हणजे हद्दीचा दगड. संस्कृत 'तॄ' आणि 'तीर' त्याच गोतावळ्यातले दिसतात. मराठीत त्याला 'अंतभार' म्हणावे असे मला वाटते. तारेचा अंतही तिथेच आहे आणि भारही.